डोस पाजणाऱ्यानं कागद मागू नये

पल्स पोलिओच्या रविवारी गोव्यात दरवेळी एक छायाचित्र निघतं. कुणीतरी मंत्री एका गोंडस बाळाच्या तोंडात दोन थेंब सोडतायत, आई कौतुकानं बघतेय, मागे आरोग्य खात्याचा फलक आणि उभे अधिकारी. दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतं. त्या छायाचित्राबद्दल माझी तक्रार नाही. ते बघून चार आया बाळाला घेऊन बूथवर आल्या तर चांगलंच आहे. पण ते बाळ सुटणार कधीच नव्हतं. त्याची आई बाळंतपणाच्या आधीपासून आरोग्य केंद्रात जातेय, तिच्याकडे कार्ड आहे, कार्डावर तारखा आहेत, एखादी तारीख चुकली तर विचारणारं कुणीतरी आहे. पोलिओच्या लढाईचा निकाल या बाळावर लागत नाही. जे मूल रविवारी बूथवर आलं नाही आणि नंतरच्या दिवसांत घरोघरी फिरणाऱ्या पथकालाही सापडलं नाही, त्याच्यावर लागतो. ते मूल गोव्यात कुठं असतं आणि सापडत का नाही, याबद्दल आपण कधीतरी सरळ बोलायला हवं.

सुटलेलं मूल म्हटलं की आपल्याला जंगल आठवतं. नेत्रावळीतली साळजिणी आणि तुडव, सत्तरीतलं सुर्ला, खोतीगावच्या अभयारण्यातले वेळीप समाजाचे वाडे, डोंगरउतारावरची धनगरांची एकेकटी घरं. वाट कठीण आहे, पावसाळ्यात तर फारच. पण ही घरं नर्सला नावानिशी माहीत असतात. कुणाची सून गरोदर आहे, कोण माहेरी गेलीय, हे अंगणवाडी सेविका तिला सांगते. घर हलत नाही, मतदारयादीत नाव आहे, पंच ओळखीचा आहे. तिथं रस्ता हवा, जीप हवी, मैलोन्मैल पायी जाणाऱ्या नर्सला तिच्या कष्टांचा मोबदला हवा. या मागण्या रास्त आहेत आणि त्या कशा पुऱ्या करायच्या हे सरकारला ठाऊक आहे.

जे ठाऊक नाही, ते हमरस्त्याच्या कडेला आहे.

पर्वरीत, ताळगावात, दाबोळीच्या पठारावर जिथं जिथं इमारत उभी राहतेय तिथं दर्शनी बाजूला पत्र्याचं उंच कुंपण असतं आणि त्यावर होऊ घातलेल्या फ्लॅटचं रंगीत चित्र. कुंपणाच्या आत कामगारांच्या शेडी. पोलिओच्या पथकाबरोबर मदतनीस म्हणून मी अशा कुंपणांच्या आत गेलोय. एका ठिकाणी वॉचमननं गेटवरच सांगितलं, ‘‘इधर बच्चा नहीं है, मॅडम.’’ सिस्टर त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी आतल्या दोरीकडे बोट दाखवलं. दोरीवर एक पिवळं झबलं वाळत होतं. वॉचमन बाजूला झाला. आत शेडीच्या दारात एक बाई भांडी घासत होती. सिस्टरनं कामापुरतं कन्नड शिकून घेतलंय. त्यांनी विचारलं, ‘‘मगु एल्ली?’’ बाळ कुठाय? बाई आधी काही बोललीच नाही. सिस्टर तिथंच खाली बसल्या, लशीचा डबा जमिनीवर ठेवला, त्यातली कुपी काढून दाखवली. मग बाई उठली आणि शेडीच्या आतून, सिमेंटच्या गोण्यांमागे बांधलेल्या साडीच्या झोळीतून, सातआठ महिन्यांचं बाळ घेऊन आली. ते झोपलेलं होतं. आवाज होऊ नये म्हणून तिनं झोळी मागे सरकवली होती.

कारण आठवड्यापूर्वी तिथं पोलीस येऊन गेले होते, भाडेकरू पडताळणीसाठी. तेही वही घेऊन आले होते, त्यांनीही नावं विचारली होती, गाव विचारलं होतं, आधार कार्ड मागितलं होतं. दोन-तीन पुरुषांना ठाण्यावर नेऊन संध्याकाळी सोडलं होतं. आता पुन्हा गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, हातात वही असलेली माणसं आत आली, म्हणून तिनं बाळ लपवलं. लशीबद्दल तिच्या मनात कसलाही किंतु नव्हता. बाळ कर्नाटकातल्या कोप्पळच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेलं, जन्मतः डोस मिळालेला, सहाव्या आठवड्यात गावी थेंबही आणि इंजेक्शनही झालेलं. मग कुटुंब कामासाठी गोव्यात आलं. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस राहून गेले. कार्ड सासूकडे, गावी. बाहेर पडताना सिस्टर मला म्हणाल्या, ‘‘नाव विचारायचं तर बाळाचं विचारायचं. पहिल्यांदा बापाचं नाव विचारलं की दार बंद.’’

माझं सगळं म्हणणं त्या वाक्यात आहे. गोव्यातली ही मुलं लांब राहतात म्हणून सुटत नाहीत. त्यांच्या आईबापांना सरकारी माणूस बघून भीती वाटते म्हणून ती सुटतात. ती भीती घालवायची असेल तर एक रेघ आखावी लागेल आणि ती कधीच ओलांडता कामा नये: डोस पाजायला येणारी व्यक्ती कुणाचे कागद तपासणार नाही, तिच्या वहीतलं नाव पोलिसांकडे, पंचायतीकडे, घरमालकाकडे जाणार नाही, आणि हे त्या वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत असेल.

ही मागणी मोठी वाटत नसेल, तर ती मोडल्यावर काय होतं ते जगानं पाहिलंय. 2011 मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा लावण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएनं शकील आफ्रिदी या डॉक्टरकरवी हेपेटायटिस बीच्या लसीकरणाची बनावट मोहीम काढली. लस पोलिओची नव्हती, पण लोकांना त्या फरकाशी काय घेणं? दारावर लस घेऊन येणारा हेर असू शकतो, एवढं त्यांना कळलं. 2012 च्या जूनमध्ये उत्तर वझिरिस्तानात तालिबाननं पोलिओच्या लसीकरणावर बंदी घातली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लसीकरण करणाऱ्या बायकांना दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या गेल्या आणि तेव्हापासून असे खून होत आले आहेत. 2014 मध्ये अमेरिकी सरकारनं शब्द दिला की सीआयए यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आज नैसर्गिक पोलिओचा विषाणू ज्या दोन देशांत तळ ठोकून आहे त्यांतला एक पाकिस्तान आहे, दुसरा अफगाणिस्तान. याला हेच एक कारण आहे असं नाही, युद्ध आहे, दारिद्र्य आहे. पण तिथल्या आईच्या मनात जो संशय शिरला तो त्या बनावट मोहिमेनं पक्का केला.

आपल्याकडेही असा संशय होऊन गेलाय. पश्चिम उत्तर प्रदेशात, मुरादाबाद-अलिगढच्या बाजूला, पोलिओच्या थेंबांनी मुलं पुढं वांझ होतात अशी अफवा वर्षानुवर्षं फिरत होती. आपण इथं बसून त्याला अडाणीपणा म्हणत होतो. आणीबाणीत त्याच भागात सरकारी गाड्या येऊन माणसांना नसबंदीला नेत होत्या, हे आपण विसरलो. तिथले लोक विसरले नव्हते. सरकारची ओळख त्यांना त्या गाडीवरून झाली होती. शिवाय ते विचारत होते की आमच्याकडे प्यायला पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, मग हेच दोन थेंब पाजायला तुम्ही सारखे दारात का येता? प्रश्न बिनतोड होता.

त्याचं उत्तर जे दिलं गेलं ते मला भारताच्या सार्वजनिक आरोग्यातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. 2003 नंतर उत्तर प्रदेशात अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामियासारख्या संस्थांना सोबत घेतलं, मशिदीतल्या इमामांशी बोलणी केली, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्याच गल्लीतल्या बायकांना पगार देऊन समजावणीच्या कामाला लावलं. बाहेरून आलेला माणूस दारात उभा राहिला तर आई पडदा ओढून घेते. शेजारची शबाना आली तर आत बोलावते. पुढं उत्तर प्रदेश आणि बिहारमधले 107 तालुके निवडून तिथं थेंबांबरोबर जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक, हात धुणं, स्तनपान अशी कामंही सुरू झाली. जुलाबानं खंगलेल्या आतड्यात लस टिकत नाही आणि दहा-दहा डोस घेतलेल्या मुलांनाही पोलिओ होतो, हेही तिथंच दिसलं होतं. वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांचे तळ यांची वेगळी यादी तयार झाली. बसस्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर पथकं उभी राहिली. 2009 मध्ये देशात 741 मुलांना पोलिओ झाला होता. 2010 मध्ये 42. आणि 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एक मुलगी आजारी पडली, ती शेवटची. 27 मार्च 2014 ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

2010 सालापासून बाय-व्हॅलंट, म्हणजे पोलिओच्या टाइप 1 आणि टाइप 3 या दोन प्रकारांवर एकदम चालणारी लस आली, त्याचाही यात वाटा आहे. पण लस चांगली असून भागत नाही, ती ज्याच्या हातून मिळते तो माणूस आपला वाटावा लागतो, हे उत्तर प्रदेशनं शिकवलं. गोव्यानं हे कधी शिकून घेतलं नाही, कारण गोव्याला कधी गरज पडली असं वाटलं नाही. छोटं राज्य, चांगली आरोग्य केंद्रं, बांबोळीला 1842 पासूनची परंपरा सांगणारं वैद्यकीय महाविद्यालय, शिकलेल्या आया. आपली व्यवस्था घर असलेल्या माणसासाठी बांधली गेली आणि त्या माणसासाठी ती उत्तम चालते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं देशभर वस्तीवस्तीत आशा कार्यकर्ती उभ्या केल्या तेव्हा गोव्यात ती योजना कित्येक वर्षं राबवलीच गेली नाही. एएनएम, म्हणजे आरोग्य केंद्राच्या नर्स, आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर काम भागलं. ज्या वस्तीत अंगणवाडीच नाही किंवा असून तिथं या मुलांची नोंद नाही, तिथं कोण जाणार, हा प्रश्न पडायला हवा होता.

आता कुणी म्हणेल, पोलिओ संपलाय, मग एवढी काळजी कशाला? हे मला डॉक्टर नसलेल्यांकडून आणि कधी कधी डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतं, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. लागण झालेल्या साधारण दोनशे जणांत एकाचा हात किंवा पाय कायमचा लुळा पडतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही, काहींना ताप येऊन जातो. म्हणजे लुळ्या पायाचं एक मूल दवाखान्यात दिसलं, तर त्या वस्तीत विषाणू आधीच शेकडो पोटांमधून फिरून झालाय असं समजायचं. त्याला लागतं ते दूषित पाणी आणि उघड्यावरचं शौच. 2024 च्या पावसाळ्यात दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या मासेमारी जेटीवर कॉलरा आला, ट्रॉलरवर काम करणारी परप्रांतीय माणसं दगावली. ती बोटींवरच राहत होती, पुरेशी शौचालयं नव्हती, पिण्याचं पाणी धड नव्हतं. कॉलऱ्याची वाट आणि पोलिओची वाट एकच आहे. जिथून एक आला तिथून दुसराही येऊ शकतो, फक्त तो कुठून तरी आणला जायला हवा.

आणि तो आणला जातो. युरोप विभागाला 2002 मध्ये पोलिओमुक्त जाहीर केलं होतं. 2010 मध्ये त्याच विभागातल्या ताजिकिस्तानात साडेचारशेहून अधिक जणांना पोलिओ झाला आणि तपासात तो विषाणू उत्तर प्रदेशातल्या विषाणूच्या कुळातला निघाला. आपल्याकडून गेलेला. 2022 मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाला लुळेपणा आला. लंडन आणि न्यूयॉर्क! पैशाची, दवाखान्यांची कमी नसलेली शहरं. तिथंही विषाणूनं बरोबर तेच मोहल्ले शोधले जिथं लसीकरण पातळ झालं होतं. ज्या राज्यात दोन विमानतळ आहेत, बंदर आहे, वर्षभर देशोदेशीचे पर्यटक आहेत आणि बांधकामासाठी सहा-सात राज्यांतून कुटुंबं येतात-जातात, त्यानं स्वतःला सुरक्षित बेट समजू नये.

लंडनमध्ये जे सापडलं आणि रॉकलंडमध्ये ज्यानं लुळेपणा आणला, तो विषाणू लशीपासून उपजलेला होता. 2024 मध्ये मेघालयात वेस्ट गारो हिल्समधल्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीतही तेच निघालं. हे लिहिलं की लसविरोधकांच्या हाती कोलीत मिळतं, तरी लिहायला हवं, कारण अर्धवट माहिती लपवून ठेवण्यानंच अफवा वाढतात. तोंडावाटे द्यायच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. लस घेतलेल्या मुलाच्या विष्ठेतून तो काही आठवडे बाहेर पडतो. आजूबाजूची बहुतेक मुलं लस घेतलेली असतील तर तो तिथंच संपतो. ती नसतील तर तो या पोटातून त्या पोटात फिरत राहतो आणि फिरता फिरता क्वचित पुन्हा ताकद कमावतो. म्हणूनच 2015 च्या अखेरीपासून आपल्याकडे इंजेक्शनची लस जोडली गेली, एप्रिल 2016 मध्ये थेंबांतून टाइप 2 प्रकारचा विषाणू काढून टाकला, आणि 2023 पासून नवव्या महिन्यात इंजेक्शनचा तिसरा डोसही सुरू झाला. यावरून निघणारा निष्कर्ष लसविरोधकांच्या उलट आहे. धोका अर्धवट लसीकरणात आहे. वस्तीतली निम्मी मुलं पाजून निम्मी सोडली, की विषाणूला फिरायला वाट उरते. ‘एक भी बच्चा छूटा, सुरक्षा चक्र टूटा’ ही घोषणा आपण भिंतीवर वाचून सोडून दिली. ती अक्षरशः खरी आहे.

परत गोव्याकडे येतो, कारण मला ज्याची चीड येते ते इथं आहे.

गोव्यात एखादा गुन्हा घडला, आरोपी परप्रांतीय निघाला, की पडताळणीची मोहीम निघते. पोलीस वस्तीत जातात, रांगा लावतात. ते त्यांचं काम आहे आणि गुन्हा शोधूच नये असं मी म्हणत नाही. पण त्या वातावरणात ग्रामसभेत माणसं उठून सुचवतात की आरोग्य केंद्राकडे यादी असते, अंगणवाडीकडे असते, ती घ्या म्हणजे गावात भायले, म्हणजे बाहेरचे, किती ते कळेल. मी हे कानांनी ऐकलंय. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. हाताशी यादी आहे तर वापरावी, एवढाच त्याचा विचार. ती यादी एकदा दिली की पुढच्या पल्स पोलिओला त्या वस्तीत एकही बाळ सापडणार नाही. झोळी आणखी मागे सरकेल.

2004 च्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, वास्कोत बायणा किनाऱ्यावरची वेश्यावस्ती पाडली गेली. त्या पाडकामाच्या बाजूनं आणि विरुद्ध तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. आरोग्याच्या नजरेतून झालं ते असं की ज्या बायकांपर्यंत एचआयव्हीचं काम करणाऱ्या संस्था इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर पोहोचल्या होत्या, त्या एका दिवसात पांगल्या. ओळख जमवायला लागतात वर्षं, मोडायला एक जेसीबी पुरतो. 2020 च्या जूनमध्ये वास्कोतलीच मांगूर हिल कोविडमुळे सील झाली तेव्हाही, त्या डोंगरावरच्या माणसांना रोग गाठण्याआधी ‘मांगूर हिलवाले’ हा शिक्का बसला. लोक तपासणीला पुढं येण्याऐवजी पत्ता लपवू लागतात ते अशा शिक्क्यांमुळे. मोतीडोंगर, झुआरीनगर, चिंबलचं इंदिरानगर, परप्रांतीयांच्या अशा प्रत्येक वस्तीच्या कपाळी असा एक शिक्का आपण मारून ठेवलाय. तिथं नर्स जाते तेव्हा त्या शिक्क्याचं ओझं तिच्या डब्याबरोबर जातं.

‘भायल्यांवर आमचा पैसा का?’ हे मला मनापासून विचारणारे शेजारी आहेत आणि त्यांना मी झटकून टाकत नाही. गोव्याची जमीन, भाषा, पाणी यांवरचा ताण खरा आहे. पण ताणाचा राग झोळीतल्या बाळावर काढायचा का? गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पोट भरायला गेली. मुंबईच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत राहिली, बोटींवर गेली, आखातात गेली, आता इंग्लंडात स्विंडनमध्ये आणि लंडनच्या साउथॉलमध्ये आहेत. 2022 मध्ये लंडनच्या सांडपाण्यात विषाणू सापडला तेव्हा शहरातल्या 1 ते 9 वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं. साउथॉलमधली गोव्याची मुलं त्यात आली. ‘तुमचं मूळ गाव कुठलं, कधी परत जाणार’ असं कुणी त्यांना आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला ते बरं वाटलं असतं का?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सक्ती करा, डोस नसेल तर कामावर घेऊ नका, कंत्राटदाराला दंड करा. मलेरियाच्या वेळी गोव्यानं असंच काहीसं केलं. बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचं झालं, त्यांची रक्ततपासणी करून घेण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली, आणि मलेरिया हटवण्यात त्याचा मोठा हात आहे. मला त्या कामाचा आदर आहे. पण कार्ड कामगाराचं असतं. त्याच्या बाळाचं नसतं. आणि तीच सक्ती जशीच्या तशी बाळाला लावली तर काय होईल? डोस न घेतलेल्या प्रत्येक मुलामागे कंत्राटदाराला दंड बसणार असेल, तर तो मुलं असलेल्या कुटुंबांना कामावरच घेणार नाही, किंवा पथक येण्याच्या दिवशी त्यांना दुसऱ्या साइटवर धाडेल. वॉचमन मग झबलंही दोरीवर राहू देणार नाही. दंड मुलाच्या डोसावर नको, दार अडवण्यावर हवा. नवीन कुटुंब आलं की आठवड्याच्या आत आरोग्य केंद्राला किती लहान मुलं आहेत एवढंच कळवायचं, नावं नकोत. आणि नर्सला गेट उघडून द्यायचं. हे न करणाऱ्याला दंड. गोव्यात बांधकामासाठी आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला लागतो, इमारतीत राहायला जाण्याआधीही लागतो. चावी सरकारच्या हातात आधीपासून आहे. त्या दाखल्याच्या अटींत ही एक अट घातली तर बिल्डर ती पाळेल, कारण दाखला अडला तर त्याचे फ्लॅट अडतात. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तिथं पाळणाघर हवं असं म्हटलं होतं. अशी पाळणाघरं मला साइटवर दिसली नाहीत. माणसं उपकंत्राटांत वाटून टाकली की आकडा पन्नासाच्या वर जातच नाही. एक पाळणाघर असतं तर नर्सला झोळ्या शोधत फिरावं लागलं नसतं.

वेळेचंही बघा. बूथ रविवारी असतो, कारण नोकरदार आईबापांना सुट्टी असते. कळंगुटच्या किनाऱ्यावर माळा, दुपट्टे विकणाऱ्या लमाणी बायकांचा रविवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यांत मोठा धंद्याचा दिवस. मूल पाठीशी बांधून त्या सकाळपासून वाळूत असतात. बूथ शाळेत, आणि आई वाळूत. तिला बूथवर बोलावण्यापेक्षा डबा घेऊन वाळूत जाणं सोपं आहे, काही ठिकाणी नर्स तसं करतातही, पण ते त्यांच्या स्वतःच्या हौसेवर चालतं. बांधकामावर संध्याकाळी सहानंतर सगळी माणसं शेडीत असतात. त्या वेळी जायचं तर नर्सला जादा वेळेचा पैसा द्या, परतायला गाडी द्या. रात्री अंधारात तिला एकटीला पाठवायचं आणि वर आकडे मागायचे, हे चालणार नाही.

आणि उत्तर प्रदेशसारखं करायचं तर माणसं आपल्याकडे आहेतच. झुआरीनगरमध्ये, चिंबलमध्ये इथंच वाढलेल्या, दहावी-बारावी झालेल्या मुली आहेत. त्यांना कन्नड येतं, लमाणी येतं, कोकणी-मराठी येतं, हिंदी येतं. कुठल्या खोलीत कोप्पळहून नवीन बिऱ्हाड आलंय हे त्यांना आपल्या कुठल्याही सर्व्हेआधी कळतं. त्यांना दर महिन्याचं मानधन देऊन या कामात घ्या, मोहिमेपुरतं नको. गावी राहिलेल्या कार्डाचा प्रश्नही बराचसा सुटू शकतो, कारण 2024 पासून यू-विन ही लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंदवही देशभर आलीय आणि कोप्पळची नोंद वास्कोत दिसू शकते. अडचण फोन नंबरची आहे. नोंद बापाच्या नंबरवर होते आणि तो नंबर हंगामागणिक बदलतो. अशा वेळी वस्तीतल्या त्या मुलीनं नोंदवून घेतलेली जन्मतारीख आणि आईचं नाव कामी येतं. कार्ड नाही म्हणून मूल परत पाठवायचं नाही, शंका असली तर डोस द्यायचा. थेंबांचा एक डोस जास्त झाल्यानं मुलाचं काही बिघडत नाही.

यासाठी विधानसभेत नवा कायदा करावा लागत नाही. लसीकरणाच्या याद्या आरोग्य खात्याबाहेर कुणालाही देऊ नयेत असं आरोग्य संचालनालयाचं एक स्पष्ट परिपत्रक हवं, आणि ते कन्नडमध्ये, हिंदीमध्ये छापून प्रत्येक साइटच्या गेटवर, प्रत्येक चाळीच्या जिन्यात लावायला हवं. ना हरकत दाखल्यात एक अट हवी. पोलिसांनी एवढं करावं, की पल्स पोलिओच्या आधीच्या पंधरवड्यात त्या वस्तीत पडताळणीची मोहीम काढू नये. तारखा आधीपासून जाहीर असतात. आणि हे सगळं होईपर्यंत, ज्या पंचायतीच्या हद्दीत आज बांधकाम चालू आहे तिथल्या सरपंचानं उद्या सकाळी त्या गेटवर जावं आणि वॉचमनला सांगावं, की नर्स आली तर तिला अडवू नको, आणि तिच्या मागून कुणी वही घेऊन आत शिरायला लागला तर त्याला अडव.